झोक्यावरचं गाणं

(दृश्य : कडुनिंबाला बांधलेला झोका, तापीकाठच्या गावातली दुपार)

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, आलीये. ऊन मी म्हणतंय. माहेरी आलेल्या लेकी आळीपाळीनं झोक्यावर बसताहेत. झोका वर गेला की ओळ वर चढते, खाली आला की श्वास सुटतो आणि ओळही संपते. गौराईला बोळवायला निघतात तेव्हा हेच गळे वेगळं गातात. वाटेत एखाद्या पोरीनं झोक्याची चाल उचललीच, तर फुई, म्हणजे आत्या, लगेच अडवते, "आते नही व बाई. ते झोकावरनं गानं शे."

जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरोटावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणं सुचायचं आणि ते हाताच्या गतीवर बसायचं. अशा मुलखात वाढलेला माणूस ॲनिमेशनपटातलं गाणं ऐकतो, तेव्हा चाल गोड आहे का, एवढ्यावर त्याचं भागत नाही. हे गाणं इथं का आलं, हा प्रश्न तो विचारणारच.

(दृश्य : अंधारलेली ओसरी, मोबाइलचा उजेड, दोन चेहरे)

त्या रात्री अकरा वर्षांच्या भाचीसोबत 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' बघत होतो. डिस्नेचा, 1996चा. संगीत ॲलन मेंकन यांचं, गीतं स्टीफन श्वार्ट्झ यांची. पाठीला कुबड असलेला क्वासिमोदो चर्चच्या मनोऱ्यात कोंडलेला वाढलाय, घंटा वाजवतोय. त्याला वाढवणारा न्यायाधीश फ्रोलो जिप्सी नर्तकी एस्मेराल्डाविषयीच्या वासनेनं पेटलाय. शेकोटीसमोर उभा राहून तो गातो. दोष माझा नाही, तिचा आहे, म्हणतो. ती माझी होईल, नाही तर जळेल, म्हणतो. आणि मागून चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेचा घोष येत राहतो : माझा अपराध, माझा अपराध. माणूस नाकारतोय आणि संगीत त्याच्या वतीनं कबुली देतंय! लहान मुलांसाठी म्हणून काढलेल्या सिनेमात इतकं धाडसी गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

मग पॅरिस पेटतं. एस्मेराल्डाला शोधताना फ्रोलो घरं जाळत सुटलाय. मनोऱ्यातून ज्वाळा दिसताहेत, क्वासिमोदोचा जीव तिच्यासाठी टांगणीला लागलाय. आणि नेमक्या याच वेळी त्याचे सवंगडी, दगडाचे तीन पुतळे, नाचू लागतात. ती तुझ्यावरच भाळणार बघ, असं थट्टामस्करीचं गाणं!

भाचीला इंग्रजी फारसं कळत नव्हतं. तरी तिनं मान वर केली. "मामा, हाई गानं आते काब्र उनं?" (हे गाणं आता का आलं?)

या गाण्याची बाजूही मांडता येते. ते संपताच एस्मेराल्डा जखमी कप्तान फीबसला घेऊन येते आणि क्वासिमोदोच्या डोळ्यांदेखत ती दोघं एकमेकांची होतात. आशा उंच चढवली म्हणून तर तिचं कोसळणं लागतं. कबूल. पण ती आशा क्वासिमोदोनं आधीच, फ्रोलोच्या त्या गाण्याच्या अगदी तोंडावर, एकट्यानं हळुवार गाऊन दाखवली होती. तेवढी पुरेशी होती. शहर जळत असताना आम्हाला हसवलंत, तर त्या घरांसाठी आम्ही कुठल्या मनानं हळहळायचं?

(दृश्य : गल्लीतून चाललेली वरात, वाद्यं खाली घेतलेले बँडवाले)

मयत झालेल्या घरावरून वरात जाते, तेव्हा बँडवाले वाद्यं खाली घेतात. 1998च्या 'मुलान'मध्ये हे भान आहे. सैनिक मनातल्या मुलीबद्दल गात, एकमेकांची टिंगल करत बर्फातून चाललेत. वळण संपतं आणि समोर बेचिराख गाव. गाणं ओळीच्या मध्येच तुटतं. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत एकही पात्र नवं गाणं म्हणत नाही.

(दृश्य : पुन्हा ओसरी. दाराच्या चौकटीला टेकून उभी फुई)

दुसऱ्या रात्री आम्ही 'कोको' लावला. 2017चा. त्यात एकच गाणं पुन्हा पुन्हा येतं. आधी झगमगत्या रंगमंचावर, नामांकित गायकाच्या तोंडी, प्रेयसीला निरोप दिल्यासारखं. पुढे कळतं, एका बापानं ते आपल्या चिमुकल्या लेकीसाठी रचलं होतं. आता गिटारीच्या तारा हलक्या होतात, लय संथ होते. शेवटी तीच लेक म्हातारी होऊन खुर्चीत बसलीये, आठवण विझत चाललीये, आणि तिचा पणतू मिगेल जवळ बसून तेच गातो. तिचं बोट हलतं. ओठ हलतात. तीही गाऊ लागते.

भाचीनं काही विचारलं नाही. सिनेमातला एक शब्दही न कळणारी फुई मात्र दारातूनच म्हणाली, "हाई त पायनानं गानं शे." (हे तर पाळण्याचं गाणं आहे.)