डोंगर संपला म्हणजे फॉल्ट आला असं नाही! वाळवंटातल्या डोंगररांगांचा भूशास्त्रीय नकाशा

नमस्कार मंडळी.

गेले काही महिने तुमच्याकडून एकाच धाटणीचे स्क्रीनशॉट येतायत. उपग्रहाचं चित्र, बहुतेक वेळा नेवाडा नाहीतर कॅलिफोर्नियाचं वाळवंट. एका बाजूला काळपट डोंगर, दुसऱ्या बाजूला फिकट सपाट मैदान, आणि दोन्हींच्या मधोमध लाल रंगात ओढलेली ठसठशीत रेघ. खाली प्रश्न, "हा फॉल्ट बरोबर ओळखला ना?" (फॉल्ट म्हणजे जमिनीतली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकलेत.)

तुम्ही हौसेनं बघताय, याचा मला खरंच आनंद आहे. पण त्या रेघेबद्दल आज सविस्तर बोलायलाच हवं.

आधी पाया, आणि तो पटकन उरकतो, कारण बहुतेकांना माहीत आहे. भूशास्त्रीय नकाशा म्हणजे कुठे कुठला खडक जमिनीवर येतो, तो किती जुना, थर कुठल्या दिशेला किती अंशांनी कललेत आणि कुठे तुटलेत, हे सगळं टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, उतरवणं. अमेरिकेत हे काम साधारणपणे १:२४,००० च्या शीटवर होतं. नकाशातली अक्षरं वय सांगतात. 'क्यू' म्हणजे क्वाटर्नरी, अगदी अलीकडचं. 'टी' म्हणजे टर्शरी, त्याच्या आधीचं. हातात ब्रंटन कंपास (दिशा आणि थरांचा कल मोजायला), हातोडी, भिंग. झालं.

प्रदेश कोणता? बेसिन अँड रेंज. जवळजवळ सगळं नेवाडा, पश्चिम यूटा, कॅलिफोर्निया आणि अॅरिझोनाचा काही भाग, आणि खाली मेक्सिकोपर्यंत. इथलं भूकवच कोट्यवधी वर्षं ताणलं गेलंय. ताणलं, तुटलं, काही ठोकळे खाली गेले, काही वर राहिले. शाळेच्या भूगोलात 'गट पर्वत' शिकलो, तेच. एक रांग, एक खोरं, परत एक रांग, परत एक खोरं. डोंगर झिजतात, तो सगळा माल खोऱ्यात येऊन साचतो. काही खोऱ्यांत हा गाळ काही किलोमीटर जाड आहे.

आता मुद्द्यावर येतो. "वाळवंटात नकाशा काढणं सोपं, झाडं नाहीत, माती नाही, सगळा खडक उघडा" असं बरेच जण कॉमेंटमध्ये लिहितात. डोंगरावर ते खरं आहे. पण नकाशाचा निम्मा भाग खोरं असतं, आणि तिथे दिसतो फक्त गाळ. ज्या फॉल्टनं हा डोंगर आणि हे खोरं वेगळं केलं, तो नेमका त्या गाळाखाली असतो. जे शोधायचं तेच झाकलेलं.

म्हणून ती लाल रेघ. डोंगर जिथे संपतो तो पायथा तुम्हाला दिसतो, आणि तुम्ही तोच फॉल्ट धरता. पण पायथा ही आज दिसणारी जागा आहे आणि फॉल्ट ही तुटण्याची जागा. दोन्ही एकच असतील असं नाही.

का नाही, ते बघा. समजा फॉल्टनं डोंगर वर उचलला आणि मग हालचाल थांबली, किंवा अगदी मंदावली. डोंगराची झीज मात्र थांबत नाही. ग्रॅनाइट असेल तर त्याचे कण सुटतात, पाऊस पडला की वाहून जातात, आणि डोंगराचा पुढचा उतार हळूहळू मागे सरकतो. लाखो वर्षं असं चाललं की डोंगर मागे जातो आणि त्याच्या पुढ्यात खडकाचीच एक सपाट, जेमतेम काही अंश उताराची पायरी उरते. तिच्यावर खडी-वाळूचा पातळ थर. हिला पेडिमेंट म्हणतात. वरून बघाल तर हुबेहूब खोऱ्यासारखी दिसते. पण खाली खडक आहे, तोच डोंगराचा खडक. मूळ फॉल्ट? तो आता पायथ्यापासून कितीतरी पुढे, मैदानाखाली गाडलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं 'सीमा डोम' नावाचं ठिकाण चित्रात शोधा. तिथे झीज इतकी पुढे गेलीय की डोंगर असा उरलाच नाही, ग्रॅनाइटचा एक प्रचंड, सौम्य घुमट उरलाय. तिथे पायथ्याची रेघ कुठे ओढणार?

(स्क्रीनवर: डेथ व्हॅलीचं चित्र, उत्तर वर)

आता दुसऱ्या बाजूनं हेच बघू. कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली. एकच दरी, दोन पायथे. पश्चिमेला पॅनामिंट रांग, टेलिस्कोप पीक ३,३६६ मीटर. पूर्वेला ब्लॅक माउंटन्स, आणि त्यांच्या पायाशी बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. शिखर आणि तळ यांच्यात अंतर सुमारे २४ किलोमीटर.

चित्रात पश्चिमेकडचे पंखे बघा, म्हणजे घळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यानं पसरलेली दगडगोट्यांची मैदानं. प्रचंड, लांबलचक, एकमेकांत मिसळलेली. पूर्वेकडे? छोटे छोटे, जेमतेम घळीच्या तोंडाशी. कारण दरीचा तळ पूर्वेच्या फॉल्टलगत खाली जातोय आणि सगळी दरी पूर्वेकडे कलतेय. पूर्वेचे पंखे वाढायच्या आत खाली जातात, गाडले जातात. पश्चिमेच्या पंख्यांना पसरायला जागा मिळत राहते. म्हणजे पूर्वेला तुमची लाल रेघ जवळजवळ बरोबर ठरेल. तिथला पायथा सरळ आहे, वेगवेगळ्या खडकांना सारखाच कापत जातो, त्याला मऊ-कठीण काही फरक पडत नाही. उतारावर घळींच्या मधे त्रिकोणी पैलू दिसतात, घळींची तोंडं अरुंद आहेत. पश्चिमेला तीच रेघ ओढलीत तर? पंख्यांवर लहानसहान फॉल्ट आहेत तिथेही, पण दरीला आज खाली ओढणारा मुख्य फॉल्ट पूर्वेला आहे. एकाच फ्रेममध्ये एक पायथा हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. म्हणून प्रत्येक पायथ्याला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

याचं मापही आहे. पायथ्याची वळणावळणाची खरी लांबी मोजा, आणि त्याच दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा. पहिलीला दुसऱ्यानं भागा. उत्तर १ च्या जवळ आलं तर पायथा सरळ, म्हणजे फॉल्ट बहुधा जागता, अजून हालणारा आहे. उत्तर बरंच मोठं आलं तर झिजेनं पायथा कुरतडलाय. बुल आणि मॅकफॅडन या भूशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गारलॉक फॉल्टच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या डोंगरांवर हे वापरलं. उत्तरेचे पायथे सरळ, दक्षिणेचे कुरतडलेले. हे माप उपग्रहाच्या चित्रावर घरबसल्या काढता येतं, म्हणून खास सांगतोय.

इथे एका ताईंची कॉमेंट वाचून दाखवतो, कारण ती फार नेमकी आहे. "रेषा वळणावळणाची असली म्हणजे ती फॉल्ट नाहीच, असं समजायचं का?" नाही ताई, तसंही नाही. फॉल्ट म्हणजे नेहमी उभी भिंत नसते. बेसिन अँड रेंजमध्ये अगदी कमी उताराचे फॉल्ट आहेत, नेवाडातल्या स्नेक रेंजमध्ये, कॅलिफोर्नियातल्या व्हिपल माउंटन्समध्ये. फॉल्टचा असा जवळजवळ आडवा पृष्ठभाग डोंगर-घळींना छेदतो, तेव्हा नकाशावरची त्याची रेषा समोच्च रेषांसारखी वळसे घेते. डेथ व्हॅलीच्या पूर्वेलाच 'टर्टलबॅक' नावाचे गुळगुळीत, फुगीर उतार आहेत. तो उतार म्हणजेच फॉल्टचा पृष्ठभाग, वरचा खडक सरकून गेल्यावर उघडा पडलेला. तेव्हा वळणं दिसली की आधी बघायचं, ही वळणं उंचसखलपणाच्या मागे जातायत की मनमानी आहेत.

आता तिसरी बाजू, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. रेघेचा प्रकार!

नकाशात सलग रेघ म्हणजे "मी इथे पाहिलं". तुटक रेघ म्हणजे "साधारण इथे". ठिपक्यांची रेघ म्हणजे "वर गाळ आहे, खाली असावा". खाली गेलेल्या बाजूला छोटी दांडी आणि गोळा. बस. इतकी साधी, प्रामाणिक भाषा आहे ही, आणि तुमचे जवळजवळ सगळे स्क्रीनशॉट सलग रेघेचे! ज्या नकाशात सगळ्याच रेघा सलग, तो मला खरा वाटत नाही. खोऱ्याच्या कडेचा फॉल्ट बहुतेक ठिकाणी ठिपक्यांतच यायला हवा.

आमचे एक सर होते, फील्डमध्ये कुणी रेघ ओढली की ते एवढंच विचारायचे, "हिच्यावर उभा राहिलास का?" उत्तर नाही आलं की मुकाट ठिपके काढायला लावायचे. आणि पायथ्याशी पेन्सिल टेकवायच्या आधी आम्हाला खालच्या ओहोळात उतरवायचे. ती सवय अजून आहे मला, आणि तुम्हालाही लागावी असं मनापासून वाटतं. कारण मैदानावर फिरून काही कळत नाही, सगळीकडे खडीच. ओहोळ ती खडी कापून तळ दाखवतो. चार-पाच मीटर खडीच्या खाली, ओहोळाच्या तळाशी ग्रॅनाइट दिसला तर तुम्ही पेडिमेंटवर उभे आहात, आणि फॉल्ट अजून पुढे आहे. पुढच्या ओहोळात बघा. त्याच्या पुढच्यात. जिथे खडकाचा तळ दिसेनासा होतो, तिथून शोध सुरू.

त्यापुढे गुरुत्वमापन मदत करतं. खोऱ्यातला सैल गाळ खडकापेक्षा हलका, त्यामुळे गाळ जाड झाला की गुरुत्वाचा आकडा किंचित उतरतो. पायथ्यापासून खोऱ्याच्या मध्याकडे रीडिंग घेत गेलात आणि आकडा पायथ्याशी न उतरता बराच पुढे जाऊन झपकन उतरला, तर गाडलेला फॉल्ट तिथे आहे.

"एवढा काथ्याकूट कशाला, रेघ दोन किलोमीटर इकडेतिकडे झाली तर काय?" ही पण कॉमेंट आली आहे. फरक पडतो. पायथ्याशी फॉल्ट धरून विहीर खणलीत, म्हणजे तिथून पुढे जाड गाळ असेल या भरवशावर, तर थोड्याच खोलीवर ड्रिल ग्रॅनाइटला भिडेल. पाणी साठवणारा गाळ पलीकडे राहिला. आणि भूकंप? कॅलिफोर्नियात १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर १९७२ मध्ये कायदाच झाला, की जागत्या फॉल्टवर माणसांच्या राहण्याच्या इमारती उभारायच्या नाहीत. म्हणजे नकाशावरची रेघ कुणाच्या तरी घराची जागा ठरवते. तिथे "साधारण इथे" आणि "मी पाहिलं" यातला फरक फार मोठा आहे.

आणि हा वाद नवा नाही, बरं का. १८७० च्या दशकात ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकी भूशास्त्रज्ञ या भागात फिरले. तेव्हा डोंगर म्हटलं की घड्या पडलेले थर, पूर्व अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगरांसारखे, हीच समजूत. गिल्बर्ट म्हणाले, नाही, हे फॉल्टनं उचललेले ठोकळे आहेत. मग १९०१ मध्ये स्पर नावाच्या भूशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, की यातल्या बऱ्याच डोंगरांच्या पायथ्याशी फॉल्ट दिसत नाही, त्यांचा आकार झिजेनं आलाय. गिल्बर्ट पुन्हा फील्डमध्ये गेले, पुरावे गोळा करत राहिले. १९१८ मध्ये ते वारले, आणि ते काम छापून आलं १९२८ मध्ये. मूळ कल्पनेत गिल्बर्टच बरोबर ठरले. पण स्पर यांनी विचारलेला प्रश्न, "पायथ्याशी फॉल्टचा पुरावा कुठे आहे?", तो आजही प्रत्येक पायथ्याला विचारायलाच हवा.

बरं, शेवटचा विषय, रंग. "काळा भाग एक खडक, पांढरा भाग दुसरा" असं धरून बरेच जण पट्टे रंगवतात. वाळवंटात दगडांवर मँगेनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचा काळसर लेप चढतो, मिलिमीटरपेक्षाही पातळ. आतला दगड फिकट, बाहेरून काळा. हातोडीनं फोडल्याशिवाय बोलायचं नाही. आणि डेथ व्हॅलीतलं ते प्रसिद्ध आर्टिस्ट्स पॅलेट, गुलाबी, हिरवं, पिवळं? ते रंग ज्वालामुखी खडकातल्या खनिजांच्या बदलांचे आहेत. प्रत्येक रंगाला वेगळं नाव देऊन वेगळी सीमा काढलीत तर नकाशा फसला.

पण हाच लेप पंख्यांवर तुमच्या उपयोगी येतो. जुन्या पंख्यावरचे दगड काळे, पृष्ठभाग फरसबंदीसारखा घट्ट बसलेला, जागा उंच, आणि ओहोळांनी खोल चिरलेली. नवा पंखा फिकट, ओबडधोबड, अजून पाणी वाहतं तिथे. म्हणून सगळ्या गाळाला एकच पिवळा रंग आणि एकच 'क्यू' देऊ नका. निदान तीन वयांत तरी वाटा. मग पंख्यावर फॉल्टचा कडा शोधा, म्हणजे भूकंपात जमीन उचलली गेल्यानं तयार झालेली पायरी. नेवाडात १६ डिसेंबर १९५४ ला फेअरव्ह्यू पीक आणि डिक्सी व्हॅली इथे चार मिनिटांच्या अंतरानं दोन मोठे भूकंप झाले. त्यांच्या पायऱ्या काही ठिकाणी अगदी डोंगराच्या पायाशी आहेत, काही ठिकाणी बाहेर गाळात. अशी पायरी काळ्या, जुन्या पंख्याला कापत असेल आणि फिकट, नव्या पंख्याखाली हरवत असेल, तर तो भूकंप जुन्या पंख्यानंतरचा आणि नव्या पंख्याआधीचा. तिथे जुन्या पंख्यावर सलग रेघ काढा, दांडी-गोळा खोऱ्याच्या बाजूला. नव्या पंख्यावर तीच रेघ ठिपक्यांनी पुढे न्या.