पत्ता नसलेली चिठ्ठी

(दृश्य : रात्रीची वेळ. छोट्या रेल्वे स्थानकाचा जवळपास रिकामा फलाट.)

८ जुलै १९९२ रोजी, रात्री पावणेआठच्या सुमारास, पश्चिम बंगालच्या दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार बसला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. त्याला मथुरापूरच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यात आले, पण अशा रुग्णावर उपचार करण्याची सोय तेथे नव्हती. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला डायमंड हार्बरच्या उपविभागीय रुग्णालयात किंवा राज्याच्या अन्य कोणत्याही रुग्णालयात नेण्यास सांगितले.

रुग्णाला पुढे पाठवण्याच्या या निर्णयात काहीही गैर नव्हते. ज्या केंद्रात कवटीचे छायाचित्र काढण्याचीही सोय नाही, तेथे त्याला ठेवून घेणेच अधिक धोक्याचे ठरले असते. अडचण आहे ती ‘किंवा अन्य कोणत्याही’ या शब्दांत. कोणत्या रुग्णालयात जागा आहे, कोठे मेंदूचे शल्यविशारद आहेत आणि कोठे नाहीत, हे शोधण्याची जबाबदारी या शब्दांमुळे सोबतच्या माणसांवर जाऊन पडली, आणि ती त्यांना पेलण्यासारखी नव्हती.

(दृश्य : कोलकात्याचा नकाशा. एकेका ठिकाणी दिवा लागतो, शेजारी वेळ उमटते.)

पुढची हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात वेळेनिशी नोंदलेली आहे. रात्री पावणेबारा वाजता त्याला सियालदहजवळच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणले गेले. तेथे त्याची तपासणी झाली, कवटीचे दोन एक्स-रे काढले गेले, अस्थिभंग दिसला आणि तातडीने दाखल करावे अशी शिफारसही झाली, पण खाट रिकामी नव्हती. बारा वाजून वीस मिनिटांनी कलकत्ता मेडिकल कॉलेज. तेथेही खाट नाही. एक वाजता शंभुनाथ पंडित रुग्णालय. तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आपत्कालीन विभाग नव्हता, म्हणून पुन्हा एखाद्या अध्यापन रुग्णालयात जाण्याचा सल्ला मिळाला. दोन वाजता कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेज, खाट नाही. दरम्यान एका खासगी ठिकाणी १,३१० रुपये भरून सीटी स्कॅन करून घेण्यात आला. सकाळी आठ वाजता बांगुर इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरॉलॉजीने तो अहवाल पाहिला, मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव असल्याचे ओळखले, आणि असा आपत्कालीन रुग्ण येथे हाताळता येणार नाही, असे सांगितले. दहा वाजता एसएसकेएम रुग्णालयानेही नकार दिला. अखेर कलकत्ता मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट या खासगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले. पडल्यापासून तोवर चौदा तास उलटून गेले होते.

या सर्व ठिकाणी त्याला कोणीतरी पाहिले, दोन ठिकाणी त्याच्या डोक्यात काय झाले आहे हेही कळले, परंतु फोन उचलून पुढच्या रुग्णालयाला विचारण्याचे काम कोणाचे आहे, हे कोठेच ठरलेले नव्हते.

(दृश्य : कवटीचे आरेखन. एका बाजूला साचत जाणारे रक्त.)

या तासांत कवटीच्या आत काय घडत असते, हे समजल्याशिवाय या धावपळीतील उशिराची किंमत कळणार नाही. मेंदूला पहिली इजा आघाताच्या क्षणीच होते आणि ती कोणत्याही डॉक्टरला परतवता येत नाही. दुसरी इजा त्यानंतर तासागणिक होत राहते: कवटी हाडाची, न ताणणारी पेटी असल्यामुळे आत रक्त साचले किंवा सूज आली की दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो, आणि वाचलेल्या पेशीही दगावू लागतात. त्यातच रुग्णाची जीभ मागे पडून श्वास अडखळला, किंवा दुसऱ्या जखमेतून रक्त जाऊन रक्तदाब उतरला, तर हानी कितीतरी पटींनी वाढते. अमेरिकेत गंभीर मेंदू-आघाताच्या ७१७ रुग्णांच्या नोंदी तपासून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या काळात वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले होते. रक्तदाब मोजायला आणि सलाइन लावायला मेंदूचा शल्यविशारद लागत नाही. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, आणि रुग्णाला गाडीत घालण्यापूर्वी ते व्हायलाच हवे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो तेव्हा मात्र घड्याळ अधिक निष्ठुर होते. मेंदूच्या आवरणाखाली तातडीने साचलेल्या रक्ताच्या ८२ रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेतील रिचमंड येथून १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले होते. त्याहून उशीर झालेल्यांमध्ये हे प्रमाण ९० टक्के होते. पुढच्या अभ्यासांत इतका ठळक फरक नेहमी दिसला नाही, हे खरे. तरीही ‘चार तास’ हा आकडा मेंदूच्या शल्यविशारदांच्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

आणि शस्त्रक्रियेची गरज नसलेल्यांचे काय? त्यांना जवळच्या साध्या रुग्णालयात ठेवून चालते, असा समज डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होता. इंग्लंड आणि वेल्समधील १९८९ ते २००३ या काळातील नोंदींवर आधारलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. गंभीर आघात झालेल्या ज्या रुग्णांवर मेंदू-शल्यचिकित्सेची सोय नसलेल्या रुग्णालयांत उपचार झाले, त्यांच्या मृत्यूची शक्यता, वय आणि जखमांची तीव्रता लक्षात घेऊनही, दुपटीहून अधिक आढळली. कवटीतील दाबावर लक्ष ठेवणारा अतिदक्षता विभाग, प्रशिक्षित परिचारिका आणि मध्यरात्रीही होणारा सीटी स्कॅन हाही उपचारच असतो. त्याला टाके पडत नाहीत एवढेच.

(दृश्य : आपत्कालीन विभाग. डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांवर टॉर्चचा प्रकाश टाकतात.)

आता रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याच्या, म्हणजेच स्थलांतराच्या, एका चांगल्या उदाहरणाकडे जरा जवळून पाहू. ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर रुग्ण आहे. डॉक्टर त्याला हाक मारतात. तो डोळे उघडत नाही. नखावर दाब देतात. डोळे किलकिले होतात, तोंडातून नुसता हुंकार येतो, पण दुसरा हात दुखऱ्या जागेकडे येतो. डोळ्यांचे २, वाचेचे २, हालचालीचे ५, असे ९ गुण झाले. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगोत मांडलेली ही मोजपट्टी ३ पासून १५ पर्यंत जाते. ८ किंवा त्याखाली गुण आले तर आघात गंभीर समजला जातो आणि श्वसनमार्ग राखण्यासाठी नळी घालण्याचा विचार करावा लागतो. ‘पेशंट गुंगीत आहे’ या वाक्यातून फोनवरच्या दुसऱ्या डॉक्टरला काहीच कळत नाही, परंतु ‘साडेआठला १२ होते, नऊला ९ आहेत, उजवी बाहुली मोठी झाली आहे’ एवढे ऐकले की तो शस्त्रक्रियागृह तयार ठेवायला सांगू शकतो. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून ‘शुद्धीवर आल्यावर बघू’ असे म्हणणे ही येथे होणारी सर्वांत महागडी चूक असते, कारण प्यायलेल्या माणसाच्याही डोक्यात रक्त साचू शकते.

मग गाडीची तयारी सुरू होते. मानेचा मणकाही मोडलेला असू शकतो, म्हणून मानेला कॉलर लावून, डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, चौघे मिळून त्याला एकाच वेळी उचलतात. स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश वर घेतली जाते. शिरेतून साधे सलाइन चालू असते. ग्लुकोजची बाटली नव्हे, कारण त्यातील पाणी मेंदूची सूज वाढवते. प्राणवायूचा हिशेब तर निघण्यापूर्वी कागदावर मांडावा असाच असतो: पूर्ण भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो, मास्कने मिनिटाला १० लिटर दिला तर तो अडीच तास पुरतो. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. पावसाळ्यात, रात्री, त्या रस्त्याला अडीच तासांत पोहोचू अशी खात्री कोण देईल? म्हणून दुसरा सिलिंडर सोबत घ्यायचा, आणि पहिल्याचा काटा पाहूनच घ्यायचा.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत. निकालपत्राची पाने.)

त्या शेतमजुरावर २२ जुलैपर्यंत उपचार झाले आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. तो ज्या शेतमजूर संघटनेचा सदस्य होता, ती त्याच्यासह थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार नाकारणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशांची चणचण ही त्यावरची सबब होऊ शकत नाही. भरपाई २५,००० रुपये मंजूर झाली. आमच्या दृष्टीने त्या रकमेहून मोलाच्या आहेत त्या सूचना: प्राथमिक केंद्रात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय असावी, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांची क्षमता वाढवावी, कोठे खाट रिकामी आहे हे सांगणारी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारावी, आणि रुग्णवाहिकेत साधनांबरोबर प्रशिक्षित माणूसही असावा. खटला बंगालचा होता, तरी इतर राज्यांनीही त्याप्रमाणे पावले उचलावीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या होत्या. त्यामुळे गाडीचा प्रश्न पुष्कळसा सुटला. गाडी कोणत्या दारात थांबवायची, हा प्रश्न मात्र अजूनही अनेकदा चालकाने, नातेवाइकांनी किंवा वाटेत भेटलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने सोडवायचा असतो. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे; तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. अनामत रकमेअभावी दारातून परत पाठवले जाण्याची भीती तिने कमी व्हावी. पण गंभीर मेंदू-आघाताचा रुग्ण सातव्या दिवशी पुष्कळदा व्हेंटिलेटरवरच असतो.

(दृश्य : गावातले घर. खाटेशेजारी कफ ओढून काढणारे लहानसे सक्शन यंत्र.)

आणि मग आणखी एक स्थलांतर होते, ज्याला कोणी स्थलांतर म्हणत नाही. मोठ्या रुग्णालयाला पुढच्या रुग्णासाठी खाट हवी असते. घशात श्वासासाठी नळी, नाकातून पोटात अन्नाची नळी, अशा अवस्थेत रुग्ण घरी जातो, आणि मधल्या पायरीवरचे पुनर्वसन केंद्र मोठ्या शहरांबाहेर क्वचितच सापडते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते, ‘दर दोन तासांनी कूस बदलावी’. ते कसे करायचे हे पत्नीला आणि भावाला आदल्या संध्याकाळी परिचारिकेने एकदा दाखवलेले असते: गुडघा दुमडायचा, खांदा आणि कंबर एकत्र धरायची, पाठीमागे उशी द्यायची, माकडहाडावरची कातडी लाल झाली आहे का ते बघायचे. सक्शन यंत्र विजेवर चालते. म्हणून भावाने घरी पोहोचल्यावर सगळ्यात आधी शेजाऱ्याकडे इन्व्हर्टर आहे का, याची चौकशी केली.