इंजिन तापतंय, पाणी अडलंय कुठं?

(पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात कोकणातल्या एका बंदरावर नौकामालक, तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) आणि खलाशांसमोर केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप.)

मंडळी, हे काळं रबरी चक्र एकेकानं हातात घ्या आणि पुढच्याकडे द्या. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला हा इम्पेलर. सहा पाती होती त्याला. आता मोजा किती आहेत. चार. उरलेली दोन कुठं गेली, तेवढंच सांगायला मी आज उभा आहे म्हटलं तरी चालेल.

ज्या बोटीतून हा निघाला तिची गोष्ट सांगतो. सहा सिलिंडरचं, साधारण १२० हॉर्सपॉवरचं इंजिन. ट्रकचंच, पण सागरी करून घेतलेलं. हळू चालवलं तर काही तक्रार नाही. जाळं ओढायला लागलं, आरपीएम वाढला, की वीस मिनिटांत तापमानाच्या गेजची सुई लाल पट्ट्यात. पहिल्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत आतल्या पाण्याची वाट अडवून धरणारी झडप, काढून टाकला. आपल्याकडे हा रिवाजच आहे, ताप आला की आधी थर्मोस्टॅट काढायचा. फरक पडला नाही. मग प्रेशर कॅप बदलली, मग गेज खोटं म्हणून गेज बदललं. शेवटी कुणीतरी पंप खोलला, पाती तुटलेली दिसली, नवा इम्पेलर घातला. सगळ्यांना वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी बोट बाहेर गेली आणि तशीच तापत परत आली.

माझ्याकडे बोट आली तेव्हा मी मालकाला एवढंच विचारलं, जुना इम्पेलर टाकलात की ठेवलाय? नशीब, डब्यात पडून होता. मोजला तर दोन पाती कमी. रबर समुद्रात विरघळत नाही. पंपाच्या पुढं पाणी जिथं जातं तिथंच ते जाणार. हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे समुद्राच्या पाण्यानं इंजिनातलं पाणी थंड करणाऱ्या नळ्यांच्या डब्याचं, तोंडाकडचं झाकण खोललं, तर दोन्ही तुकडे नळ्यांच्या तोंडावर आडवे बसलेले, आणि त्यांच्यामागं शेवाळाचा लगदा साचलेला. बोटांनी निघाले. पाच मिनिटांचं काम, पण त्यापायी त्या माणसाचा अर्धा हंगाम गेला होता.

आता हे असं का होतं ते नीट समजून घेऊ. तुमच्या इंजिनात पाणी दोन प्रकारचं फिरतं. एक आतलं, गोडं, कूलंट घातलेलं. ते इंजिनच्या अंगातून फिरून उष्णता गोळा करतं. दुसरं समुद्राचं. ते तळाच्या भोकावरच्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून, येतं, जाळीतून गाळून पंपात जातं, पंप ते हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून ढकलतो आणि मग ते बाहेर पडतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. नळीच्या भिंतीतून फक्त उष्णता इकडून तिकडं जाते. तुमचं गेज बसवलंय आतल्या पाण्यावर. समुद्राचं पाणी थांबलं तरी गेजला लगेच कळत नाही, आतलं पाणी तापायला वेळ लागतो. आणि आतलं पाणीच गळून कमी झालं असेल, तर सेन्सर कोरडा पडून सुई उलट खालीच दाखवते. म्हणून मी म्हणतो, तांडेलाची एक नजर कायम बाहेर पडणाऱ्या पाण्यावर हवी. आपल्या पुष्कळ ट्रॉलरांचा धूर वर नळकांड्यातून जातो आणि पाणी बाजूच्या पाइपातून पडतं. ते तर बसल्या जागेवरून दिसतं.

पाणी किती पडायला हवं? डिझेल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा शाफ्टला मिळतो, साधारण तेवढाच धुरातून जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्याला उचलावा लागतो. १२० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीनं चालतंय आणि समुद्राचं पाणी आत येताना होतं त्यापेक्षा पंधरा अंशांनी तापून बाहेर पडतंय असं धरलं, तर मिनिटाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. म्हणजे वीस लिटरची बादली वीस सेकंदांच्या आत भरली पाहिजे. हा माझा हिशेब झाला. तुमचा आकडा तुम्ही काढा. इंजिन धडधाकट असताना, धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, न्यूट्रलमध्ये, समजा १५०० आरपीएमला बादली किती सेकंदांत भरते ते बघा आणि केबिनच्या फळीवर रंगानं लिहून ठेवा. रबरी इम्पेलरचा पंप आरपीएमच्या प्रमाणात पाणी देतो, त्यामुळे पुढच्या वेळी त्याच आरपीएमला त्याच बादलीला दीडपट वेळ लागला तर कुणाला विचारायची गरज नाही.

बादलीइतकंच उपयोगी दुसरं काम हाताला जमतं. बाहेरचं पाणी थोडं पडतंय आणि कढत आहे, तर पाणी वाटेत अडलंय. पाणी नेहमीसारखं भरपूर पडतंय, फारसं गरमही नाही, आणि तरी आत इंजिन तापतंय, तर पाणी पोचतंय पण उष्णता उचलत नाही. नळ्यांना आतून क्षार धरलाय, किंवा बिघाड आतल्या पाण्याच्या बाजूला आहे. एवढा एक फरक ओळखलात तर निम्मा शोध घरबसल्या झाला. हल्ली ते पिस्तुलासारखं थर्मामीटर स्वस्तात मिळतं, तेही घ्या. फक्त चकचकीत पितळ-स्टीलवर ते खोटं बोलतं, जिथं माप घ्यायचं तिथं काळी टेप चिकटवा.

पाणी अडलंय असं ठरलं की समुद्राकडून सुरुवात करायची, इंजिनाकडून नाही. दोन महिने बोट ओढलेली किंवा खाडीत बांधलेली असते. तळाच्या भोकाला बाहेरून कालवं आणि शेवाळ धरतं. कॉकचा दांडा फिरतो पण आतला गोळा फिरतोच असं नाही. होज सोडून कॉक क्षणभर उघडला की पाणी जोरात उसळलं पाहिजे. हे करताना लाकडी बुच हाताशी ठेवा, थट्टा नाही, भोक पाण्याखाली असतं. आणि प्लास्टिकची पिशवी विसरू नका. चालत्या इंजिनाला पिशवी तळाशी चिकटते, इंजिन बंद केलं की ओढ संपते आणि पिशवी सुटून जाते. पुन्हा चालू केलं तर सगळं ठीक. मग लोक नारळ फोडतात.

जाळी सगळे धुतात. पण जाळीच्या डब्याच्या झाकणाचं रबर कुणी बघत नाही. डबा पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर फटीतून पाणी गळणार नाही, हवा आत ओढली जाईल, आणि पंप निम्मी हवा निम्मं पाणी फेकेल. झाकण पारदर्शक असेल तर बुडबुडे दिसतात. नसेल तर रबराला ग्रीस लावून आवळा आणि बाहेरचं पाणी वाढतं का बघा.

कॉकपासून पंपापर्यंतचा होज हा मोठा फसवा इसम आहे. बाहेरून नवाकोरा, आतला थर सुटलेला. सावकाश चालताना पाणी जातं, आरपीएम वाढला की ओढीनं आतला थर गोळा होऊन वाट बंद करतो, किंवा होजच चपटा होतो. इंजिन वेगात असताना त्याच्यावर हात ठेवा, चेपल्यासारखा लागला तर बदला. ओढीच्या बाजूला तारेचा होज लागतो, बागेतली नळी चालत नाही. ही मी पाहिलेली आहे, म्हणून सांगतो.

पंपाचं म्हणाल तर बंदीत इम्पेलर काढून ठेवा. दोन महिने एकाच जागी दबून राहिलेली पाती तशीच वाकून बसतात, आणि पहिल्या दिवशी कोरड्या पंपात घासली की तुटतात. ओहोटीला खाडीच्या तोंडावरून जाणाऱ्यांच्या पंपात रेती जाते, त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवून बघावं. खोल चरे लागत असतील तर नवा इम्पेलर घालूनही पाणी चढणार नाही. आणि पाती मोजा. तुकडे सापडेपर्यंत काम संपलं म्हणू नका. हीट एक्स्चेंजर गंजू नये म्हणून त्यात स्वतः झिजणारं झिंक बसवलेलं असतं, त्याचंही तेच, झिजून तुटलं की नळ्यांच्या तोंडावर जाऊन बसतं.

समुद्रात असताना तापलं तर? वेग कमी करा, गिअर काढा, बाहेर पाणी पडतंय का बघा. पाणी पडत असेल तर न्यूट्रलला थोडा वेळ चालू द्या, उष्णता उतरते. पाणीच येत नसेल तर बंद करा, पण आधी वारा-प्रवाह कुठं नेतोय ते बघून नांगर टाका. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही. दाबाखालचं पाणी शंभराच्या वर असूनही उकळत नाही, कॅप सैल झाली की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्याचाच आहे, वय होतं एकोणीस. तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतणं हाही तसलाच प्रकार. इंजिन आतून तडकतं आणि मग बादलीचे सेकंद मोजायची वेळ येत नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, थर्मोस्टॅट काढला तर बिघडतं काय? बिघडतं. इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर गरम पाणी एक्स्चेंजरकडे न जाता तिथल्या तिथं फिरत राहतं, म्हणजे तापू नये म्हणून काढलात आणि त्यानंच जास्त तापलं. शंका असेल तर पातेल्यात पाणी घ्या, दोरीनं थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि त्याच्यावर छापलेल्या आकड्याला उघडायला लागतो का बघा. त्या सहा सिलिंडरवाल्या बोटीचा काढून टाकलेला थर्मोस्टॅट मी मागून घेतला होता. घरी चुलीवर करून पाहिलं. ब्याऐंशी छापलंय, ब्याऐंशीलाच उघडला. दुसऱ्या दिवशी त्याच बोटीत परत बसवला, अजून तोच चालतोय.