जुनी वेबसाइट: पाडायची की डागडुजी करायची?

(छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन, थोडंसं आवरून घेतलेलं.)

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बहुतेक जण वाचनालयं, मंडळं, छोटे प्रकाशक, कुठल्यातरी शाळेचा माजी विद्यार्थी संघ अशा साइट सांभाळणारे आहात, म्हणजे ज्याचा पगार मिळत नाही पण साइट बंद पडली की पहिला फोन तुम्हालाच येतो, ते लोक. आणि चहाच्या वेळी ज्यांच्याज्यांच्याशी बोललो त्यांची गोष्ट साधारण सारखीच आहे. साइट २००२-०३ च्या सुमाराची, ज्याने केली तो आता परदेशात, नवीन कमिटी आली, कुणीतरी म्हणालं काय हो हे जुनाट, आणि कुणाच्यातरी भाच्याने लगेच कोटेशन पण देऊन टाकलं.

तर नवीन करायची का? माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. 'जुनी दिसते' हे कारण मी धरतच नाही. सोसायटीची रिडेव्हलपमेंट निघाली की बिल्डरचं चकचकीत ब्रोशर बघण्याआधी शहाणी माणसं स्ट्रक्चरल ऑडिट मागतात ना, तसं आधी बघायचं की यात नेमकं काय मेलंय आणि कुणासाठी मेलंय. प्लास्टर उडालंय की पिलरच गेलाय, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता एक गंमत बघा. जगातली पहिली वेबसाइट सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली, टिम बर्नर्स-ली यांची, १९९१ ची. मधल्या काळात ती त्या पत्त्यावर नव्हती, २०१३ मध्ये सर्नने मुद्दाम परत उभी केली. ती आज तुमच्या फोनवर उघडा. अक्षर बारीक दिसेल, दोन बोटांनी मोठं करावं लागेल, पण पान उघडतं, वाचता येतं. तीस वर्षांहून जुना कोड! आणि दुसरीकडे काय, २०१३-१४ च्या आसपास ज्यांनी हौसेने 'एकदम मॉडर्न' म्हणून अँग्युलरजेएसवर, म्हणजे साइट बांधायच्या एका तयार सांगाड्यावर, साइट करून घेतली त्यांच्या त्या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ च्या शेवटी संपला. ती साइट लगेच बंद पडत नाही हे खरं, पण त्यात काही भोक सापडलं तर मूळ टीम ते बुजवून देणार नाही, आणि ते काम येणारा माणूस शोधायला गेलात तर सगळे म्हणणार साहेब हे नवीनच करू. म्हणजे दोघांत म्हातारं कोण?

म्हणून वेब स्टँडर्ड्स, पानं कशी लिहायची याचे सगळ्यांनी मानलेले नियम, ते म्हणजे लेटेस्ट फॅशन असं समजू नका, उलट आहे. ब्राउझरवाल्यांनी जुनी पानं मोडायची नाहीत असा जवळजवळ नेमच पाळलाय. तो सरकता मजकूर, मार्की, आपल्या सरकारी साइटवर 'महत्त्वाची सूचना' म्हणून पळायचा तो, एचटीएमएलच्या, म्हणजे पानं लिहायच्या भाषेच्या, स्टँडर्डमध्ये कधीचाच बाद ठरवलाय, पण ब्राउझरमध्ये अजून पळतो! ब्लिंक, तो लुकलुकणारा मजकूर, मात्र गेलं, फायरफॉक्सने २०१३ मध्ये काढून टाकलं, त्याबद्दल कुणी रडलं असेल असं वाटत नाही. म्हणजे साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेलं टिकतं. स्टँडर्डच्या बाहेरचं जे जे होतं, प्लगिन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला तुकडा, एका कंपनीची खास सोय, ते बहुतेक मरतं.

अर्थात स्टँडर्डवाल्यांनीही घोळ घातलेत. २००० साली एचटीएमएलचा कडक अवतार, एक्सएचटीएमएल, आलं तेव्हा हेच भविष्य असं छातीठोकपणे सांगायचे, आणि २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे ही स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या संस्थेने, एक्सएचटीएमएल २ चं काम सोडून दिलं, मग २०१४ मध्ये एचटीएमएल५ पक्कं झालं. पण तरी त्या काळात नीट एक्सएचटीएमएलमध्ये लिहिलेली पानं आज चालतातच की.

तर ऑडिट. पहिलं, फ्लॅश, म्हणजे हलती चित्रं, मेनू दाखवायचं प्लगिन. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद केलं. ज्यांच्या साइटवर 'स्किप इंट्रो' वालं पान होतं त्यांचं फार नुकसान नाही, खरं तर बरंच झालं. पण मेनूच फ्लॅशमध्ये असेल, फोटोंची गॅलरी फ्लॅशमध्ये असेल, तर तो भाग मेला, आणि तो नव्याने करण्याला पर्याय नाही. तेवढाच भाग हं, सगळी साइट नाही.

दुसरं, मागचा कोड. जुनी पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालून पानं तयार करणारी भाषा. तुमची होस्टिंग कंपनी मेल पाठवते की आम्ही व्हर्जन वाढवतोय, आपण ते वाचत नाही, आणि एका सकाळी साइटच्या जागी पांढरं पान. कारण डेटाबेसशी बोलायची जी जुनी फंक्शनं सगळ्यांनी वापरली होती ती पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ च्या शेवटी, काढूनच टाकली. आणि पीएचपी ५.६ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं २०१८ च्या अखेरीस थांबलं. इथे मी अजिबात दयामाया दाखवत नाही, लॉगिन असेल, देणगीचा फॉर्म असेल, सभासदांचे फोन नंबर असतील आणि खाली पीएचपी ५ असेल, तर ते पाडाच. पण त्याच जागी तसंच दुसरं बांधू नका, आधी विचारा की डेटाबेस लागतोच कशाला? वर्षातून दोनदा कार्यक्रमपत्रिका बदलते, तीनशे जुने लेख आहेत जे कधीच बदलत नाहीत, त्यांची साधी एचटीएमएल पानं करून ठेवली तर होस्टिंग जवळजवळ फुकट आणि हॅक करायला तिथे फारसं काही नाहीच.

आता मराठीचा मुद्दा, जो इंग्रजी साइटवाल्यांना नसतो आणि ज्याच्यासाठी खरं मी आज आलोय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या साइट युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी कॉम्प्युटरवर ठरवलेल्या एकाच अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. श्रीलिपी म्हणा, शिवाजी म्हणा, सी-डॅक या सरकारी संस्थेचे योगेश-सुरेख म्हणा. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती पण घरातल्या कॉम्प्युटरवर दिसायला विंडोज २००० आणि त्यातला मंगल फॉन्ट यावा लागला, आणि एक्सपीमध्ये सुद्धा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची खूण करून सीडी घालावी लागायची, आठवतंय का? मग लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. फाइलमध्ये साठलेलं असतं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं, फॉन्ट असला की त्याचं मराठी दिसतं. वाचकाकडे फॉन्ट नसेल म्हणून मायक्रोसॉफ्टचा ईओटी नावाचा प्रकार वापरायचे, पानाबरोबर फॉन्ट आपोआप यायचा, पण तो चालायचा फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. क्रोम, फायरफॉक्सने तो कधी घेतलाच नाही, आणि एक्स्प्लोरर स्वतः जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

म्हणजे आज काय झालंय, तुमची साइट चालू आहे, सर्व्हर चालू आहे, डोमेनचे पैसे दरवर्षी भरताय, आणि वाचणाऱ्याला दिसतो कचरा. गूगललाही तोच कचरा दिसतो. अंध वाचक स्क्रीन रीडर लावून ऐकायला गेला तर त्याला स्लॅश, ब्रॅकेट, डॉलर असलं काहीतरी ऐकू येणार. असा जर तुमचा मामला असेल तर रंग, डिझाइन, मेनू सगळं बाजूला ठेवा, आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा. डिझाइन जुनंच राहिलं तरी चालेल!

कन्व्हर्टर मिळतात, आणि बरंच काम करून देतात, पण त्यांच्या भरवशावर डोळे मिटून बसू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही बरोब्बर उलट. त्यामुळे 'आर्थिक', 'मार्मिक' अशा शब्दांत, जिथे दोन्ही एकत्र येतात, तिथे कन्व्हर्टर हमखास धडपडतो. आणि दुसरी जागा म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्या. त्याचा रफार होऊन 'दुसर्‍या'चं भलतंच काहीतरी होतं, त्यातून हा ऱ्या युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला अगदी सारखा, पण एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं सापडेलच असं नाही. तेव्हा एकच तऱ्हा ठरवा, सगळीकडे तीच ठेवा, आणि मंडळातल्या निवृत्त शिक्षकांना बसवा प्रूफं तपासायला. त्यांना काम आवडतं, आणि खरं सांगतो, आपल्यापेक्षा चुका त्यांनाच जास्त दिसतात.

काहींनी तर फॉन्टच्या कटकटीला कंटाळून सगळी शीर्षकं चित्रं करून टाकलेली असतात. ती पण मजकुरात आणा. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं एका शब्दात सांगायची सोय असते ती वापरा, स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. फॉन्टची आता चंगळ आहे, 'एक टाइप'वाल्यांचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट फुकट आहे, 'नोटो' आहे. फक्त इंग्रजी टेम्प्लेटमधून आलेलं अक्षरांमधलं जादा अंतर काढून टाका, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शीर्षक दात पडल्यासारखं दिसतं. ओळींमधलं अंतरही वाढवा, आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीला कुठे असतात.

बरं, मजकूर युनिकोड आहे, मागे पीएचपी नाही, फ्लॅश नाही, फक्त लेआउट टेबलचा आहे आणि फोनवर बारीक दिसतं, अशांनी काय करायचं? हे लोक सगळ्यात नशीबवान. फोनचा ब्राउझर असं धरून चालतो की जुनं पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे, आणि ते आख्खं आक्रसून दाखवतो. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे सांगणारी, एक ओळ घातली की तो फोनची खरी रुंदी धरतो. मग ठरावीक रुंदीची टेबलं बाहेर सांडतात, ती सोडवायला थोडी सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी-रंग सांगणारी भाषा, आणि हे करायला आता तिच्यात ग्रिड आहे, मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत एकाच महिन्यात आलं. पूर्वी तीन कॉलमसाठी ज्या कसरती करायचो त्या आता चार ओळींत होतात. जाता जाता एक सावधगिरी: जुन्या पानाच्या डोक्यावर सरळ नवीन डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी पहिली ओळ, चिकटवू नका. त्याच्याशिवाय ब्राउझर जुन्या सवयींनी पान दाखवतो, डॉकटाइप आला की कडक नियम लागू होतात आणि टेबलात तुकडे करून बसवलेल्या चित्रांच्या खाली अचानक फटी दिसायला लागतात. एका पानावर करून बघा, मग बाकीच्यांवर.

मघाशी मागून एकांनी विचारलं, की असं ठिगळ लावत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नवीन का नको. त्याचं मोठं उदाहरण आहे ना, नेटस्केप, ब्राउझर करणारी कंपनी. १९९७ मध्ये त्यांचं ४ नंबरचं व्हर्जन आलं, मग त्यांनी ठरवलं जुना कोड टाकून देऊ आणि पहिल्यापासून लिहू, पुढचं मोठं व्हर्जन आलं नोव्हेंबर २००० मध्ये, थेट ६. तोपर्यंत बाजार एक्स्प्लोररने खाल्ला होता. आता हेही सांगायला हवं की त्याच नव्या कोडमधून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स आला, म्हणजे काम वाया गेलं नाही, पण कंपनी काही त्यातून सावरली नाही. तुमच्या मंडळाकडे तीन वर्षं थांबायला कोण आहे? भाचा तोपर्यंत बंगलोरला गेलेला असतो. म्हणून तुकड्यातुकड्याने करा, आज कार्यक्रमाचं पान, पुढच्या महिन्यात संपर्काचं, आणि प्रत्येक तुकडा झाला की तो लगेच वापरात.

आणि ज्यांना पाडायचंच आहे त्यांनी पत्ते सांभाळा. कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या लेखाची लिंक कुठल्यातरी संदर्भसूचीत दिलेली असते, ती तुटली की तो लेख त्या माणसापुरता संपला. जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवायची सोय सर्व्हरवर असते, ३०१ म्हणतात तिला, कोटेशनमध्ये ते लिहिलेलं आहे का बघा, बहुतेक वेळा नसतं. आणि जुन्या साइटची आख्खी कॉपी, फोटो-फाइलींसकट, संस्थेच्या ताब्यात हवी, करणाऱ्याच्या लॅपटॉपवर नाही.

खर्चाचं विचारलंत, आकडा मी सांगणार नाही कारण प्रत्येकाचं वेगळं. पण पैसे देण्याआधी एक काम घरी गेल्यावर करा: डोमेन कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा. पुष्कळ ठिकाणी ते अजून त्या परदेशातल्या माणसाच्या जुन्या ईमेलवर असतं, ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. ते आधी सोडवा, मग भाच्याला फोन करा.