डेटाबेसच्या वादात अनुभवाचे वजन किती मानायचे?

नमस्कार मंडळी. गेल्या काही भागांखाली तुम्ही एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आहात: टीममधील ज्येष्ठ सहकारी "माझा वीस वर्षांचा अनुभव आहे" एवढे बोलून चर्चा थांबवतात, तेव्हा नव्या प्रोग्रामरने काय करावे? टेबल, ट्रान्झॅक्शन आणि लॉक म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून मी थेट एका उदाहरणाकडे येतो, कारण हा वाद हवेत कधीच सुटत नाही.

पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली वापरणाऱ्या एका टीममध्ये हा वाद मी स्वतः ऐकला आहे. ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की, वर्दळीच्या टेबलमध्ये डीफॉल्ट मूल्य असलेला नवा कॉलम दिवसा घालायचा नाही, कारण सगळे टेबल नव्याने लिहिले जाते. तरुण सहकारी म्हणाली की 2018 मध्ये आलेल्या 11व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट मूल्य स्थिर असेल तर टेबल पुन्हा लिहिले जात नाही, आणि तिने आपल्या लॅपटॉपवर तो कॉलम क्षणार्धात घालून दाखवला. बैठकीतील बहुतेकांना वाटले की वाद मिटला.

तो मिटला नव्हता. ज्येष्ठाने दिलेले कारण जुने झाले होते, पण त्याची सूचना अजूनही बरोबर होती. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण आजच्या भागाचा सगळा भर इथेच आहे. टेबलची रचना बदलणाऱ्या 'ऑल्टर टेबल' या आज्ञेने कॉलम घालताना त्या टेबलवर 'अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह' हा सर्वांत कडक लॉक लागतो. त्या वेळी एखादा लांबलचक रिपोर्ट तेच टेबल वाचत असेल, तर आपली आज्ञा त्याचे ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत थांबून राहते. आणि ती रांगेत उभी असताना मागून येणारी प्रत्येक साधी 'सिलेक्ट'सुद्धा तिच्या मागे अडकते. काम क्षणाचे असते, पण त्या क्षणाची वाट पाहताना अख्खे अ‍ॅप्लिकेशन ठप्प होऊ शकते.

आता हेच लॅपटॉपच्या बाजूने पाहा. लॅपटॉपवर एकच कनेक्शन होते, कोणताही रिपोर्ट चालू नव्हता, त्यामुळे रांग लागण्याचा प्रश्नच नव्हता. तरुण सहकारीने मोजलेला वेळ खरा होता, परंतु ज्येष्ठाला ज्याची भीती होती ती परिस्थिती त्या मोजणीत नव्हतीच.

आणि तिसऱ्यांदा, प्रत्यक्ष करून पाहण्याच्या बाजूने. तीन सेशन उघडा. पहिल्यात 'बिगिन' करून टेबलवर एक 'सिलेक्ट' चालवा आणि 'कमिट' करू नका. दुसऱ्यात कॉलम घालण्याची आज्ञा द्या, ती थांबेल. तिसऱ्यात पुन्हा साधी 'सिलेक्ट' चालवा, तीही थांबेल. मग दुसऱ्या सेशनमधील आज्ञा रद्द करा, 'लॉक टाइमआउट' (लॉकसाठी किती वेळ थांबायचे ती मर्यादा) दोन सेकंदांवर ठेवून तीच पुन्हा द्या, लगेच तिसऱ्यात 'सिलेक्ट'ही पुन्हा चालवा, आणि दुसऱ्यातील आज्ञा स्वतःहून माघार घेते तेव्हा तिसऱ्या सेशनमधील वाचन कसे मोकळे होते ते पाहा. ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघांनी शेजारी बसून हा प्रयोग केला, तर वर्षे मोजण्याची गरजच उरत नाही.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की, बेंचमार्क दाखवल्याशिवाय कोणाचेच ऐकू नये. मला हे अजिबात मान्य नाही. बेंचमार्कमध्ये जे घातले जाते तेवढेच तो मोजतो, आणि काय घालायचे हे सुचण्यासाठी कोणीतरी ते संकट आधी पाहिलेले असावे लागते. काही प्रश्नांना तर बेंचमार्क लागतच नाही: 'नॉट इन'च्या यादीत एक जरी 'नल' (म्हणजे नसलेले मूल्य) असला तरी एकही ओळ मिळत नाही, आणि हे एसक्यूएल भाषेच्या नियमांतूनच सिद्ध होते, तिथे अनुभवही कामाचा नाही आणि मोजमापही नाही.

हा झगडा आपल्या क्षेत्रात फार जुना आहे. 1974 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे चार्ल्स बाखमन आणि एडगर कॉड यांच्या विचारांचा जाहीर सामना झाला. बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रत्यक्ष चालणारी डेटाबेस प्रणाली उभारली होती आणि 1973 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळालेला होता. आयबीएममधील गणितज्ञ कॉड यांच्याकडे 1970 च्या शोधनिबंधात मांडलेले रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळी माहिती टेबलांच्या रूपात मांडण्याची कल्पना, होती. हे मॉडेल पुरेशा वेगाने चालेल का, ही अनुभवी मंडळींची शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर युक्तिवादाने दिले गेले नाही. आयबीएममध्ये 'सिस्टिम आर' आणि बर्कलीत 'इन्ग्रेस' या रिलेशनल प्रणाली प्रत्यक्ष बांधून ते दिले गेले. क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे खर्चाच्या अंदाजावरून ठरवण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केली. आज क्वेरीआधी 'एक्सप्लेन' लिहिल्यावर दिसणारे खर्चाचे आकडे त्याच परंपरेतले आहेत. शंका घेणाऱ्यांमुळेच ते काम किती चोख व्हावे लागले, याचा उल्लेख मात्र फारसा होत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून उद्याच्या बैठकीत तुम्ही कनिष्ठ असाल, तर "हे आता जुने झाले, सर" असे म्हणू नका. "सर, तुम्ही हे पाहिले तेव्हा आवृत्ती कोणती होती, आणि त्या वेळी टेबलवर आणखी काय चालू होते?" असे विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. तुम्ही ज्येष्ठ असाल, तर टीमसाठी केलेल्या प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण आणि तेव्हाची आवृत्ती लिहा, म्हणजे पुढील अपग्रेडच्या वेळी नियम मोडायचा की फक्त त्याचे कारण बदलायचे, हे तुमच्या गैरहजेरीतही कोणालाही तपासता येईल.