दात सुकवला की दिसतो तो डाग

(दृश्य: दाताचा अगदी जवळून शॉट, ओला)

हा दात ठणठणीत वाटतोय. चकाकतोय, कुठे काळं नाही, खड्डा नाही. आता त्यावर हवेचा झोत येईल. पाच सेकंद थांबा.

हिरडीच्या कडेला हा पांढरा पट्टा उमटला, खडूसारखा. चकाकी गेलेला, कोरडा. मघाशीही तो तिथेच होता, लाळेने झाकला होता.

ही कीड आहे. भोक पडायच्या आधीची.

असं का होतं, त्याचं उत्तर प्रकाशात आहे. या जागी इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, आतून सच्छिद्र झालंय. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. पाण्याचा अंक इनॅमलच्या जवळचा, म्हणून छिद्रांत पाणी असतं तोवर प्रकाश फारसा विखुरत नाही. पाणी उडालं, जागी हवा आली, की तो चौफेर विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. दात ओला असतानाही जो दिसतो तो डाग आणखी खोल गेलेला. दंतवैद्यकाच्या मोजपट्टीवर या दोहोंना वेगळे अंक आहेत, पण अंक लिहायला आधी दात सुकवावा लागतो.

(दृश्य: नेरूळ स्टेशन, सकाळ. नंतर ओपीडीची रांग)

नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे. हार्बर लाइनच्या या टोकाला जितकी डेंटल कॉलेजं आहेत, तितकी राज्यातल्या कित्येक जिल्ह्यांच्या वाट्याला आलेली नाहीत. त्यांतल्या एका कॉलेजच्या ओपीडीत आम्ही कॅमेरा लावला. ठाण्याहून, पनवेलहून, उरणहून माणसं येतात, गालाला हात लावून येतात. रात्रभर दाढ ठणकली, लवंग धरून झाली, गोळी घेऊन झाली, आणि मग केसपेपर. या खुर्चीपर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेकांसाठी रूट कॅनल आणि कॅप, नाहीतर काढून टाकणं, एवढंच उरलेलं असतं.

आमची गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं इनॅमल, करड्या रंगात)

इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सिअपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. त्यात जिवंत पेशी नसतात. ज्या पेशी इनॅमल घडवतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, इनॅमलला ती सोय नाही.

गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की स्फटिकांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल धुते, पीएच वर चढतो, गेलेलं खनिज थोडंफार परत येतं. याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्या अर्ध्या तासात दुसरं चॉकलेट आलं तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. मजा म्हणजे वरचा पातळ पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो आणि झीज त्याच्या खाली चालते. तो पापुद्रा टिकून आहे तोवर दुरुस्तीला वाव आहे.

(दृश्य: प्रयोगशाळा. टोपलीत अंड्याची टरफलं)

त्या दुरुस्तीचं खनिज बनवायला ही टरफलं. कॉलेजच्या मेसमधली. पीजीच्या एका विद्यार्थिनीने उकळून, आतला पडदा सोलून, वाळवून ठेवलीत. अंड्याचं टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. खलबत्त्यात कुटायचं आणि भट्टीत घालायचं. ९०० अंशांवर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो चुना. त्यावर पाणी पडलं की फसफसतं, वाफ येते, भांडं हाताला चटका देतं. हा शॉट तिने आमच्यासाठी पुन्हा करून दाखवला.

पुढचं काम चिकाटीचं. ढवळत्या चुन्याच्या पाण्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने. घाई केली तर भलताच फॉस्फेट तयार होतो. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७ पाहिजे आणि मिश्रण अल्कलीच राहिलं पाहिजे, म्हणून तिचा डोळा पीएच मीटरवर. बघताबघता द्रावण दुधाळ होतं. रात्रभर बसू द्यायचं, धुवायचं, वाळवायचं. तळाशी जी पांढरी भुकटी उरते, ती हायड्रॉक्सिअपेटाइट, दातातलंच खनिज. तिचे कण साधलं तर १०० नॅनोमीटरच्या आतले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

इतका बारीक कण कशाला, तर दाताचे स्वतःचे स्फटिकही याच मापाचे आहेत. जाड भुकटी पृष्ठभागावर घासली जाते आणि चूळ भरली की जाते. बारीक कण छिद्रांच्या तोंडाशी चिकटतात, काही आत शिरतात, आणि पुढचं आम्ल आलं की आधी स्वतः विरघळून कॅल्शियम सोडतात.

कल्पना जुनी आहे. अंतराळवीरांच्या हाडांतून आणि दातांतून खनिज कमी होतं, त्यावर नासात झालेल्या कामातून जपानच्या सांगी कंपनीने ती उचलली. हायड्रॉक्सिअपेटाइटची त्यांची पेस्ट १९८० मध्ये बाजारात आली आणि १९९३ मध्ये जपान सरकारने हा घटक कीडरोधक म्हणून मान्य केला.

(दृश्य: नेलपॉलिश लावलेले दात, मग यंत्रावरचा हिरा)

हे दात खरे आहेत. तार बसवायच्या आधी जागा करायला ज्या उपदाढा काढतात, त्या इथे बाटलीत जमा होतात. दाताला सगळीकडून नेलपॉलिश, मध्ये छोटी चौकोनी खिडकी उघडी. मग आम्लात ठेवून मुद्दाम कीड लावायची. मग रोज काही तास आम्ल, काही तास कृत्रिम लाळ, मधे या बारीक भुकटीची नॅनो पेस्ट. तोंडात जे दिवसभर चालतं त्याची ही तालीम.

परीक्षा घेतो हिरा. चौकोनी टोकाचा हिरा ठरावीक भाराने इनॅमलवर टेकतो आणि एक ठसा उमटतो. ठसा मोठा तर इनॅमल मऊ, लहान तर टणक. पडद्यावर डावीकडे कीड लावलेला दात, उजवीकडे पेस्ट दिलेला. फरक मोजपट्टीशिवाय दिसतो.

अर्थात बाटलीतल्या दाताला जीभ नसते आणि त्याला दुपारी चार वाजता कोणी क्रीम बिस्किट देत नाही. माणसांवरही अभ्यास झालेत. पोलंडमध्ये मोठ्या माणसांवर १८ महिने पाहणी झाली. २०२३ मध्ये छापून आलेल्या तिच्या निष्कर्षांत ही पेस्ट फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा मागे पडली नव्हती. फ्लोराइडच्या पाठीशी मात्र कितीतरी दशकांचा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ज्या दंतउपचारांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, त्यांत फ्लोराइडची पेस्ट आहे. ती सोडून द्या असं इथे कोणी म्हणत नाही. आणि हेही खरं, की नॅनो कण भर घालतात ती मुख्यतः वरवरच्या थरात. इनॅमलची मूळची वीण कोणालाच पुन्हा विणता आलेली नाही. भोक पडलं असेल तर पेस्टने बुजत नाही, तिथे सिमेंटच.

नॅनो पेस्ट आपल्या दुकानांत मिळते, साध्या पेस्टपेक्षा बरीच महाग.

(दृश्य: घणसोली, महापालिका शाळेचा व्हरांडा)

प्लॅस्टिकची खुर्ची, डोक्याला दिवा, हातात आरसा. पाचवीची रांग. "आ कर बाळा. मोठा. अजून मोठा." शिबिरात हवेचा झोत नसतो, म्हणून डॉक्टर मॅडम कापसाच्या बोळ्याने दात पुसतात, ओठ बोटाने धरून ठेवतात आणि वाट बघतात. रांग लांब आहे, मागे शिक्षिका घड्याळ बघतायत. याच पाच सेकंदांवर शिबिरांत पहिल्यांदा पाणी सोडलं जातं.

या मुलाच्या पुढच्या दातांवर डाग आहेत, पण ते कीड नाहीत. कुटुंब नांदेडकडचं. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, त्याचे हे ठिपके, दोन्ही बाजूंना सारखे. किडीचा डाग असा जोडीने येत नाही. तो हिरडीलगत, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे धरतो.

मागची मुलगी बघा. वरच्या सुळ्याजवळ, कापूस काढल्यावर. हाच तो पट्टा.

आई शेजारीच उभी. "दुधाचाच आहे ना मॅडम? पडेलच की."

"दुधाचा नाही हो ताई, हा कायमचा."

(दृश्य: आईचा चेहरा. निवेदन नाही)

मुलीच्या दातावर फ्लोराइडचं वार्निश लावलं. अर्धा तास काही खायचं नाही, आज रात्री ब्रश नाही, उद्यापासून दोन वेळा. ड्रिल नाही, सुई नाही.

(दृश्य: तपासणीचा फॉर्म)

शाळेच्या तपासणीचा हा छापील कागद. त्यावर प्रश्न एकच: कीड आहे की नाही. भोक दिसलं तर 'आहे', नाहीतर 'नाही'. मघाच्या मुलीला या कागदावर 'नाही' मिळालं असतं. प्रयोगशाळेत कण कितीही बारीक करा, ज्या दातासाठी ते केले तो इथे निरोगी म्हणून घरी जातो.

म्हणून मॅडमनी पेनाने एक उभी रेघ ओढून तिसरा रकाना केलाय: 'पांढरा डाग'. त्यात ज्यांची नावं आली, त्यांना तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलंय. मुख्याध्यापकांनी शनिवार मागितलाय, सकाळची शाळा असते म्हणून.