जामीन कोण राहणार?

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी ना कुणी आज परदेशात असेल. माझा मुक्काम जपानात, तोक्योच्या निशिकासाई भागात. 2009 च्या एप्रिलमध्ये पुण्याहून निघालो तेव्हा दोन वर्षांत परत येतो असं आईला सांगितलं होतं. दोनाची दहा झाली. आणि दहा झाली की एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो. दर खेपेला व्हिसाची मुदत वाढवत बसायचं, की कायम वास्तव्याचा परवाना मागायचा? जपानीत त्याला एइजूकेन म्हणतात, आपली मंडळी नुसतं पीआर म्हणतात.

आता, पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावी गेलो की पहिला प्रश्न तोच येतो, "मग तू आता जपानी झालास का?" नाही झालो. पासपोर्ट भारताचाच राहतो, मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये तोक्योतल्या एदोगावा नगरसभेत निवडून आले, ते आधी जपानचं नागरिकत्व घेतलं म्हणून. आणि भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही, जपानही नाही. ज्याला निळा पासपोर्ट सोडवत नाही त्याच्यासाठी पीआर. नोकरी सुटली तरी राहण्याचा हक्क सुटत नाही, मनासारखं काम धरता येतं, घराच्या कर्जाला बँक दारात उभं करते.

सर्वसाधारण नियम दहा वर्षांच्या सलग वास्तव्याचा, त्यातली पाच नोकरीच्या व्हिसावर. ज्यांना शिक्षण, पगार, अनुभव यांचे पुरेसे गुण मिळतात त्यांना याहून लवकर अर्ज करता येतो. पण वर्षं भरली म्हणजे काम झालं असं नाही. अधिकारी तीन गोष्टी बघतात. कर भरला का, आरोग्य विमा भरला का, पेन्शनचा हप्ता भरला का. आणि चौथी, जिथं माणसं अडकतात: वेळेवर भरला का? पुन्हा सांगतो, भरला का एवढंच नाही, वेळेवर भरला का. माझ्या एका मित्रानं नोकरी बदलली. मधल्या दोन महिन्यांचा पेन्शनचा हप्ता पगारातून कापला जात नव्हता, तो स्वतः भरायचा होता. त्यानं भरला, पण मुदतीनंतर. पीआरचा अर्ज नामंजूर झाला. तुमची मुलगी ओसाकात असेल, भाचा नागोयात असेल, तर आज रात्री फोन केलात की "जेवलास का"च्या पाठोपाठ हेही विचारा. पावत्या ठेवल्यात का? आपल्याकडे घरपट्टीची पावती देवघराच्या फडताळात पंधरा वर्षं सापडते. ही सवय आपल्या आयांनी लावली आणि ती लाखमोलाची आहे.

कागद जमले. एक कागद राहिला, जामीनपत्र. जामीन राहणारा जपानी नागरिक हवा, नाहीतर स्वतः पीआर असलेला. आणि जामीन हा शब्द माझ्या घरात उच्चारत नसत. मावळात, कामशेतजवळ आमची भाताची शेती. माझ्या लहानपणी वडील एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिले. नातेवाईक थकले, आमची दोन एकर गेली. तेव्हापासून आजीचं वाक्य ठरलेलं, "घरात न विचारता जामीन राहायचं नसतं." पीआरच्या जामिनावर कायद्यानं पैशाची जबाबदारी येत नाही, नैतिक तेवढी येते. मला हे माहीत होतं. पण 2019 मध्ये जामीन राहणाऱ्याला स्वतःच्या उत्पन्नाचा दाखलाही जोडावा लागे. आपली कमाई दुसऱ्याच्या हातात द्यायची! ऑफिसात कुणाकडे हे मागायला माझी जीभ रेटेना.

आमच्या गल्लीत एक तांदळाचं दुकान आहे. मालक सत्तरीचे, मी त्यांना ओजिसान म्हणतो, म्हणजे काका. गिऱ्हाईक आलं की ते तिथल्या तिथं तांदूळ पॉलिश करून देतात, लागेल तेवढाच. माझं तर ठाम मत आहे की सहा महिने आधी पॉलिश करून पिशवीत भरलेला भात हा भातच नव्हे, आणि आपण मावळातसुद्धा गिरणीतून ताजा तांदूळ आणायचं सोडलं हे फार वाईट झालं. पहिल्या वर्षी त्यांचा भात शिजवला, तो बोटाला चिकटला, आणि मला आमची इंद्रायणी आठवली. तेव्हापासून दर महिन्याला पाच किलो.

एका शनिवारी, दुकान बंद व्हायच्या वेळेला, मी कागद पुढे केला. ओजिसाननी चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या, घडी घालून गल्ल्यात ठेवला. हो नाही, नाही नाही. सोमवार गेला, बुधवार गेला. मी समोरून जायचो, ते मान लववायचे, बस. मला वाटलं, जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, हाच त्यांचा नकार. शुक्रवारी मी रस्ता बदलला. तांदूळ संपला होता तरी गेलो नाही.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात ओजिसान, एप्रनवर कोंड्याची पांढरी धूळ तशीच. काखेत पाकीट. आत आले, जेवणाच्या टेबलाशी बसले. हात एप्रनला पुसले, मग रुमालाला पुसले. पाकिटातून उत्पन्नाचा दाखला काढला, कुयाकुशोतून म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसातून आणलेला. मग जामीनपत्र काढलं, अक्षर न् अक्षर हातानं लिहिलेलं. कागदाखाली रबराचा तुकडा सरकवला, शिक्क्याला लाल शाई लावली, आणि सगळं वजन मनगटावर टाकून दाबून धरला. उचलला तेव्हा लाल गोल स्वच्छ उमटला होता, त्यांच्या आडनावाची रेघ न् रेघ.

मग म्हणाले, "उशीर झाला, माफ करा. मुलगा आजच घरी आला. बायकोला आणि त्याला विचारल्याशिवाय शिक्का मारायचा नव्हता."

श्रोतेहो, मला आजीच समोर बसल्यासारखी वाटली. चहा करायला म्हणून मी उठलो आणि ओट्याशी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज दिला. अर्ज दिला म्हणजे जुना व्हिसा आपोआप वाढतो असं नाही. पुन्हा सांगतो, वाढत नाही. निकाल लागायला महिनोन्‌महिने जातात, मधे व्हिसा संपत असेल तर तो वेगळा वाढवून घ्या. मंजुरीचं कार्ड टपालानं आलं, 8,000 येनचं तिकीट लावून काम झालं. 2025 च्या एप्रिलपासून ते 10,000 झालं. जामीन राहणाऱ्याला आता उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही, ती अट 2022 मध्ये गेली. आणि पीआर मिळाला तरी जपानबाहेर जाताना परत येण्याची परवानगी लागते. विमानतळावर खूण करून मिळते ती एका वर्षाची. गावी येऊन वर्ष उलटलं आणि लांब मुदतीची परवानगी आधी काढलेली नसली, तर पीआर गेला.

2023 च्या डिसेंबरात ओजिसान आणि त्यांची बायको आमच्या गावी आले. नवी इंद्रायणी नुकतीच घरात आली होती. ओजिसाननी मूठभर दाणे तळहातावर घेतले, खिडकीशी नेऊन बघितले, नाकाशी धरले. पानं मांडली. वडील इतका वेळ गप्प होते. मला म्हणाले, "त्यांना विचार, परक्या मुलासाठी सही का केलीत?"

मी विचारलं. ओजिसान थोडं थांबले आणि म्हणाले, "दहा वर्षांत याचं नाव माझ्या उधारीच्या वहीत एकदाही आलं नाही."

मी वडिलांना मराठीत सांगितलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. भाताचं पातेलं जवळ ओढलं आणि स्वतःच्या हातानं त्यांना वाढलं.